शस्त्रक्रियेनंतर हात जपायचा की चालवायचा?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन बाई घरी आली की पहिली ताकीद मिळते, ‘त्या हाताने काही करू नकोस हं!’ ताकीद मायेची असते, पण तीच ऐकत राहिल्याने अनेकींचा खांदा आखडतो. असे काही समज वेळीच तपासायला हवेत; त्यातला पहिला तर शस्त्रक्रियेच्याही आधीचा.

गैरसमज : गाठ दुखत नाही, म्हणजे घाबरण्याचं कारण नाही.
वस्तुस्थिती : कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्या असतात हेही खरं. पण कोणती साधी, हे तपासणीनेच कळतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा २० वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, तेव्हा पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

गैरसमज : हात हलवला तर टाके तुटतील.
वस्तुस्थिती : बोटं, मनगट आणि कोपर यांच्या हलक्या हालचाली साधारणपणे दुसऱ्याच दिवशी सुरू करतात. जखमेतला द्रव बाहेर काढणारी ड्रेनची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ देत नाहीत. ती निघाली की भिंतीवर बोटं चालवत रोज थोडं वर जायचं. पुढे रेडिएशन घ्यायचं असेल, तर हात डोक्याकडे उचलून स्थिर ठेवावा लागतो. खांदा आखडलेला असला, तर तिथेच अडतं.

गैरसमज : पोळ्या लाटते, केर काढते; वेगळा व्यायाम कशाला?
वस्तुस्थिती : या कामांत हात पुढेच फिरतो. वेणी घालायला, पाठीमागचे हूक लावायला किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला खांद्याची जी हालचाल लागते, ती वेगळी करावी लागते. फिजिओथेरपिस्ट ती टप्प्याटप्प्याने शिकवतात.

गैरसमज : वजन उचललं की हात सुजणारच.
वस्तुस्थिती : काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या की द्रव वाहून जायची वाट अरुंद होते आणि तो हातात साठू शकतो. हाच लिम्फेडिमा. काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढलेल्या पाचांपैकी साधारण एकीला तो होतो. एक-दोनच काढल्या असतील, तर धोका बराच कमी. अमेरिकेत संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांनी २००९मध्ये लिम्फेडिमा असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली आणि हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्यांची सूज वाढली नाही. उलट त्रास बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

गैरसमज : सूज आली तर तेल लावून जोरात चोळावं.
वस्तुस्थिती : जोराच्या मालिशने त्रास वाढू शकतो. प्रशिक्षित हातांनी अगदी हलका निचरा, दाब देणारी बाही आणि व्यायाम हा त्यावरचा उपचार. बांगडी अचानक घट्ट होऊ लागली किंवा हात जड वाटला, की लगेच दाखवावं. हात लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

घरी सोडतानाच्या कागदावर व्यायाम लिहिलेले नसतील, तर मागून घ्या. आणि घरच्यांनो, तिला रोज एवढंच विचारा : ‘आजचा व्यायाम झाला का?’