संतोष आणि लोभ : एक अर्थविचार

ख्रिस्ती संतोषाचा विचार करताना एका ग्रीक शब्दापाशी थांबणे अगत्याचे ठरते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने आपल्या समाधानी वृत्तीसाठी ‘ऑटार्केस’ हे विशेषण योजले आहे. स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिभाषेत त्याचा अर्थ स्वयंपूर्ण, ज्याला बाहेरून काहीच नको असा. पौल मात्र बंदिवासातून लिहीत होता. तेही स्नेह्यांनी पाठविलेल्या देणगीची पोच देताना. विपुलतेत आणि उपासमारीत सारखेच राहण्याचे बळ तो स्वतःचे मानीत नाही. ते ख्रिस्ताकडून लाभते, असे सांगतो. शब्द स्टोइकांचा राहिला, आशय पालटला.

मराठीत या आशयाची कसोटी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रात लागते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची सवेतन सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. तथापि टिळक गृहस्थ होते. त्यांच्या सढळ हाताने संसाराची जी ओढाताण झाली, तिचे चित्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त (पहिला भाग १९३४) मिश्कील परंतु निःसंदिग्ध शब्दांत उमटले आहे. एकाच्या संतोषाचा भार दुसऱ्यावर पडतो काय, हा प्रश्न ते पुस्तक वाचकापुढे ठेवते.

येथे ‘लोभ’ हा मराठी शब्द साह्यास येतो. तो हावही सुचवितो आणि स्नेहही. म्हणून तर आपण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहितो. पौलाच्या पत्राचा भावही हाच : देणगीचा लोभ नाही, देणाऱ्यांचा आहे. ख्रिस्ती संतोष म्हणजे निरिच्छता नव्हे; वस्तूंकडून माणसांकडे वळलेला तो लोभच होय.