विश्लेषण : शिक्षा ३३ वर्षांची, तुरुंगवास १२ वर्षांचा, इराणमध्ये हे गणित कसे जुळते?

इराणमधील मानवाधिकार वकील नसरीन सोतुदेह यांना ३८ वर्षे कैद आणि १४८ फटके, ही बातमी मार्च २०१९ मध्ये जगभर झळकली. यातील ५ वर्षे आधीच्या वेगळ्या खटल्यातील. नव्या खटल्यात सात आरोपांसाठी ३३ वर्षे सुनावली गेली. भोगायची मात्र १२. मग उरलेली २१ वर्षे गेली कुठे?

कलम १३४ काय सांगते?

इराणच्या २०१३ च्या इस्लामी दंडसंहितेत शिक्षांचे वेगवेगळे वर्ग आहेत. धर्मशास्त्राने ठरवून दिलेल्या शिक्षा म्हणजे 'हद'. तिथे कलम १३२ लागू होते : गुन्हे वेगळे तर शिक्षाही वेगळ्या. पण शिक्षा होण्याआधी तोच गुन्हा पुन्हा पुन्हा केला असेल, तर हद एकदाच. देहदंड आणि कैद दोन्ही वाट्याला आल्यास फक्त देहदंड.

'ताझीर' म्हणजे शासनाच्या कायद्याने ठरणारी शिक्षा. सोतुदेह यांच्यावरील आरोप या वर्गातले. इथे कलम १३४ नुसार प्रत्येक गुन्ह्याची शिक्षा स्वतंत्र सुनावली जाते, अंमल होतो तो त्यातल्या सर्वांत कडक शिक्षेचा. म्हणजे बेरीज नाही, फक्त सर्वांत मोठा आकडा.

ऐकायला हे दयाळू वाटते. पण २०२० पूर्वी, गुन्हे तीनपेक्षा जास्त असतील, तर न्यायाधीशाला प्रत्येक गुन्ह्याची शिक्षा कमाल मर्यादेच्या दीडपटीपर्यंत नेता येत असे. 'भ्रष्टाचार व वेश्याव्यवसायाला चिथावणी' या आरोपाची मर्यादा १० वर्षे. सोतुदेह यांना त्यासाठी १२ मिळाली. हिजाब उतरवणाऱ्या महिलांचे वकीलपत्र त्यांनी घेतले होते, हे इथे विसरता येत नाही. आरोपांची संख्या वाढवली, की सर्वांत मोठा आकडाही फुगतो.

उरलेल्या शिक्षाही पुसल्या जात नाहीत, त्या रांगेत थांबतात. सर्वांत मोठी शिक्षा कायदेशीर कारणाने कमी किंवा रद्द झाली, की पुढची लागू होते. त्यामुळे अपिलात १२ वर्षे उडवून लावली, तरी सुटका होईलच असे नाही.

आपल्याकडे काय?

'सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत' हे वाक्य कोर्टाच्या बातम्यांत नेहमी येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ नुसार एकाच खटल्यातील शिक्षा एकत्र चालवायच्या की एकामागून एक, हे न्यायालय गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून ठरवते. एकत्र म्हटले, की सगळ्या शिक्षांचे घड्याळ एकाच वेळी सुरू होते. इराणमध्ये मात्र घड्याळ एकाच शिक्षेचे चालते.