स्थितिक विद्युत : प्रयोगातून परिभाषेकडे

आकाशातील विजेविषयी बालमनात भय असते, कुतूहलही असते. त्या भयाचे ज्ञानात रूपांतर व्हावे, यासाठी हा पाठ व्याख्येपासून नव्हे, प्रयोगापासून आरंभावा.

प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या, तेल न लावलेल्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ न्यावा. कपटे त्यास चिकटतात. ‘घर्षणाने वीज उत्पन्न झाली’ असे मात्र सांगू नये. केसांतील काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर गेले. म्हणून कंगवा ऋणप्रभारित व केस धनप्रभारित झाले. प्रभार नव्याने निर्माण झाला नाही, त्याचे स्थलांतर झाले.

लोकरीवर घासलेले दोन फुगे दोऱ्यांनी जवळ टांगल्यास परस्परांपासून दूर सरतात. हे सजातीय प्रभारांचे प्रतिकर्षण होय. तीच लोकर जवळ नेल्यास फुगा तिकडे ओढला जातो. हे विजातीय प्रभारांचे आकर्षण. दमट हवेत प्रभार टिकत नाही. म्हणून प्रयोगासाठी हिवाळ्यातील कोरडी दुपार निवडावी.

ढगांतही हिमकणांच्या आघातांनी प्रभार विलग होतात. साचलेला प्रभार एकाएकी वाहतो, तीच वीज. घर्षणविद्युत व आकाशातील वीज यांचे एकत्व १७५२ साली, बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सूचनेवरून फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगाने सिद्ध झाले.

भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत उघड्या बांधीत वाकून काम करणाऱ्यांस विजेचा धोका मोठा. म्हणून रोवणीपूर्वी या पाठाची उजळणी अवश्य घ्यावी. गडगडाट ऐकू येताच पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये, एवढे मुलाने घरी सकारण सांगितले, म्हणजे पाठ सफल झाला.