मागे राहणाऱ्या हाताची शिकवणी



शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या मुलांची एक तक्रार नेहमी ऐकू येते : "माझा डावा हात ऐकतच नाही." उजवा हात पुढे पळतो आणि डावा मागून धापा टाकत येतो. पायांचेही तसेच. मग मूल कंटाळते, घरच्यांना वाटते की याच्या अंगात तालच नाही, आणि काठ्या कपाटात जाऊन पडतात. असे होऊ नये म्हणून हा हात मागे का पडतो ते आधी पाहू.

दहा माणसांपैकी साधारण नऊ माणसे उजव्या हाताने लिहितात. त्यांचा डावा हात काही दुबळा नसतो. पुस्तकांनी भरलेले दप्तर तो सहज उचलतो. त्याला सवय नसते, एवढेच. शरीराची डावी बाजू मुख्यतः मेंदूच्या उजव्या भागाच्या हुकुमाने चालते. त्या भागाला नेमक्या क्षणी, नेमक्या जोराने ठोका द्यायचा सराव नसतो. म्हणजे वाढवायची आहे ती ताकद नव्हे, अचूकपणा.

गंमत अशी की नुसता ड्रम वाजवत राहिल्याने हा फरक कमी होत नाही, उलट वाढतो. रॉक संगीतातला नेहमीचा चार मात्रांचा ठेका घ्या. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांवर, 8 ठोके देतो. डावा हात स्नेअर ड्रमवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिळून 2 ठोके देतो. उजवा पाय बास ड्रमवर पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला 2 ठोके देतो. डावा पाय पेडल दाबून स्वस्थ बसतो! हा ठेका 100 वेळा वाजवला की उजव्या हाताचे 800 ठोके होतात आणि डाव्याचे फक्त 200. मग डावा मागे पडणार नाही तर काय?

तेव्हा मागे राहणाऱ्या हातापायाची वेगळी शिकवणी घ्यायला हवी. रबरी पॅड, दोन काठ्या आणि मेट्रोनोम एवढे सामान पुरे. मेट्रोनोम नसेल तर सेकंदाला एकदा टिकटिकणारे घड्याळ चालेल. ते मिनिटाला बरोबर 60 ठोके देते. खाली 'उ' म्हणजे उजवा आणि 'डा' म्हणजे डावा.

1. एकेक हात : आधी डाव्याने 8 ठोके, मग उजव्याने 8. काठी दोन्ही वेळा सारख्याच उंचीवर जायला हवी. समोर आरसा ठेवा. काठी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरा, पण आवळू नका. पॅडवरून तिला आपोआप उसळू द्या.

2. दुप्पट काम : डाव्याने 8, उजव्याने 4, पुन्हा डाव्याने 8.

3. पॅराडिडल : उ डा उ उ, डा उ डा डा. तोंडाने म्हणत वाजवा. यात पहिला ठोका एकदा उजव्याचा आणि एकदा डाव्याचा असतो. पुढारीपण वाटून घ्यावे लागते.

4. पाय : खुर्चीत बसा. टाच जमिनीवर टेकवून चवड्याने 16 ठोके द्या, आधी डाव्या पायाने, मग उजव्या. नडगीजवळचा स्नायू लवकर दमेल, कारण पाऊल उचलण्याचे काम त्याचे असते. मग डावा पाय आणि उजवा हात एकदम, नंतर डावा पाय आणि डावा हात एकदम.

5. उलटा ठेका : वर सांगितलेला ठेका मांड्यांवर वाजवा, पण डाव्या हाताला 8 ठोके आणि उजव्याला 2.

प्रत्येकाला दोन मिनिटे, म्हणजे रोज दहा मिनिटे झाली. रविवारी एकदम तासभर बसण्यापेक्षा हे बरे. मागे राहणाऱ्या हाताला झेपेल तोच वेग दोघांचा. तीन दिवस चूक झाली नाही तर 60 चे 64 करा. हात दमला तर चालेल, दुखला तर थांबा.

जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांच्या 'स्टिक कंट्रोल' या 1935 सालच्या पुस्तकात उजव्या-डाव्याच्या अशाच जुळण्यांची पानेच्या पाने आहेत. ड्रम शिकणारे ते आजही वापरतात.

तबला शिकणाऱ्या मुलांनाही पहिला, दुसरा आणि तिसरा धडा उपयोगी पडेल. 'धा' वाजवताना दोन्ही हात एकाच क्षणी पडावे लागतात. डग्ग्यावरचा हात जरा उशिरा पडला की एकाऐवजी दोन आवाज येतात.

आता पालकांसाठी. मूल डावखुरे असेल तर वरच्या धड्यांत उजवा-डावा अदलाबदल करावा, मुलाचा हात बदलू नये. आपल्याकडे "डाव्या हाताने नको" असे चटकन तोंडातून निघते. बीटल्सचे ड्रमवादक रिंगो स्टार डावखुरे. लहानपणी आजीने त्यांना उजव्या हाताने लिहायला लावले, असे त्यांनीच सांगितले आहे. पुढे ते उजव्यांसाठी मांडलेल्या ड्रमवरच वाजवू लागले, पण मोकळ्या जागा भरताना त्यांचा डावा हात पुढाकार घेई. त्यातून त्यांची वेगळी ढब तयार झाली.

पाय किती शिकू शकतो, हे रिक ॲलन यांनी दाखवले. डेफ लेपर्ड या इंग्लिश बँडच्या या ड्रमवादकाने 31 डिसेंबर 1984 रोजी मोटार अपघातात डावा हात गमावला. त्यांनी विजेवर चालणारे खास पेडल बनवून घेतले, डाव्या हाताचे ठोके डाव्या पायाला शिकवले आणि ऑगस्ट 1986 मध्ये इंग्लंडमधल्या डॉनिंग्टन येथे हजारो लोकांसमोर वाजवले. आपल्याला तर दोन्ही हात आहेत!

प्रगती मोजायला एक खेळ आहे. आई किंवा बाबांनी पाठ करून बसावे. मुलाने मनाला येईल त्या हाताने एकेक ठोका द्यावा आणि मोठ्यांनी तो उजवा की डावा ते ओळखावे. दहापैकी किती बरोबर आले ते वहीत लिहून ठेवा. महिन्याभराने मोठी माणसे वरचेवर चुकू लागली की समजा, शिकवणी लागू पडली.