वस्तूचा परतीचा प्रवास

आठवड्याच्या बाजारात गेलेला माणूस कापड एकदम विकत घेत नाही. तो त्याचा पोत बोटांनी चाचपतो, उजेडात धरून रंग पाहतो, शेजारच्या दुकानात भाव विचारून येतो आणि मगच कनवटीचे पैसे काढतो. गृहिणी मडक्यावर टिचकी मारून त्याचा नाद ऐकते. नारळ कानाशी धरून हलवून पाहते. आधी पारख आणि मग पैसे, असा हा खरेदीचा क्रम शेकडो वर्षे चालत आला आहे.

घरबसल्या केलेल्या खरेदीने हा क्रम उलटा केला. दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर वस्तूचे चित्र दिसते, चार ओळींचे वर्णन वाचावयास मिळते आणि बोटाच्या एका स्पर्शाने मागणी नोंदवली जाते. वस्तू चाचपून पाहण्याची संधी मिळते ती ती घरी आल्यावर. म्हणजे खरेदी आधी आणि पारख मागाहून! त्या पारखेला वस्तू उतरली नाही, तर ती परत पाठवावी लागते. तेव्हा माल परत करणे ही या व्यापारात क्वचित घडणारी गोष्ट नव्हे. ती त्याच्या स्वभावातच आहे.

न पाहता माल घेण्याची ही रीत आजची मात्र नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात ॲरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने 1872 साली टपालाने माल विकण्यास आरंभ केला. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे दूरदूरच्या शेतांवर राहणारे शेतकरी. ज्या दुकानदाराचे तोंडही पाहिलेले नाही, त्याच्याकडे पैसे पाठवण्यास कोण धजावणार? लोकांची ही शंका दूर व्हावी म्हणून वॉर्डने 1875 साली माल पसंत न पडल्यास पैसे परत करण्याची हमी दिली. त्या हमीने लोकांचा विश्वास बसला आणि त्याचा व्यापार वाढला.

आपल्या देशात हे काम टपालखात्याच्या व्ही. पी. पद्धतीने केले. ही पद्धत 1877 साली सुरू झाली. पोस्टमन पार्सल घेऊन दारी येई, किंमत वसूल करी आणि ती रक्कम विक्रेत्याकडे पोचती होई. पुस्तके, औषधे, घड्याळे अशा कितीतरी वस्तू या मार्गाने मराठी खेड्यांत पोहोचल्या. परंतु मागणी नोंदवणारा माणूस आयत्या वेळी व्ही. पी. सोडवून घेण्यास नाकारी, तेव्हा पार्सल आल्या पावली माघारी जाई आणि खर्चाचा भुर्दंड पाठवणाऱ्याच्या माथी बसे. म्हणूनच मासिकांचे चालक आपल्या वर्गणीदारांना व्ही. पी. परत न करण्याची विनंती करीत. आजच्या व्यापारातील अडचण ती हीच. तिचा पसारा मात्र अनेक पटींनी वाढला आहे.

वस्तू परत का जातात? कधी दोष विक्रेत्याचा असतो. मागवलेल्या वस्तूऐवजी भलतीच वस्तू येते, काच फुटलेली असते, यंत्र चालत नाही किंवा चित्रातील जाड सतरंजी प्रत्यक्षात चादरीसारखी पातळ निघते. कधी दोष कोणाचाच नसतो. कपडे आणि पादत्राणे यांची मापे सर्व कारखान्यांत सारखी नसतात. एका कारखान्याचे मध्यम माप दुसऱ्या कारखान्याच्या लहान मापाएवढे भरते. प्रखर दिव्याखाली काढलेल्या छायाचित्रात गर्द दिसणारा रंग दिवसाच्या उजेडात फिका ठरतो. कधी मात्र दोष ग्राहकाचा असतो. वर्णन न वाचताच मागणी करणे, एकच सदरा तीन मापांत मागवून दोन परत धाडणे, एवढेच नव्हे तर समारंभापुरता पोशाख वापरून तो नवा म्हणून परत करणे, असेही प्रकार घडतात.

परत निघालेल्या वस्तूचा प्रवास पाहण्यासारखा असतो. सातारा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून एक सदरा परत जावयाचा आहे असे धरून चला. प्रथम ग्राहकाने परतीची नोंद करावयाची आणि कारण सांगावयाचे. मग ठरलेल्या दिवशी माल नेणारा माणूस दारी येतो. सदरा तोच आहे ना, त्याची चिठ्ठी शाबूत आहे ना, तो वापरलेला तर नाही ना, हे तो तपासतो. तेथून सदरा तालुक्याच्या केंद्रात, तेथून मोठ्या शहरातील वर्गवारीच्या केंद्रात आणि शेवटी कोठारात जातो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या परिसरात अशा मालाची प्रचंड कोठारे उभी आहेत. तेथे सदरा उघडला जातो, पुन्हा तपासला जातो, घडी घालून नव्या पिशवीत बंद केला जातो. तो निर्दोष असेल तर पुन्हा विक्रीस जातो. किंचित खराब असेल तर कमी भावात घाऊक व्यापाऱ्याला विकला जातो. यंत्र असेल तर त्याची दुरुस्ती होते. ज्याचे काहीच होण्यासारखे नाही, ते मोडीत निघते.

जाताना स्वस्त पडणारा हा प्रवास येताना महाग का पडतो? याचे कारण सोपे आहे. कोठारातून निघालेल्या मालमोटारीत एकाच दिशेला जाणाऱ्या हजारो वस्तू खच्चून भरलेल्या असतात. त्यामुळे प्रत्येक वस्तूच्या वाट्याला थोडाच खर्च येतो. परतीचा माल मात्र आज या गावातून एक, उद्या त्या वाडीतून एक, असा विखुरलेला असतो. जाणाऱ्या मालाची तपासणी एकगठ्ठा होते. परतीची प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे उघडून पाहावी लागते. उतारावरून पाणी आपोआप वाहते. तेच पाणी चढावर न्यावयाचे तर घागरीने वाहावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने नीट समजेल. एक छोटा विक्रेता 400 रुपयांना एक सदरा विकतो. तो तयार करण्यास त्याला 300 रुपये पडतात आणि पाठवणीस 50 रुपये लागतात. इतर खर्च सोडून दिले, तर त्याच्या पदरी 50 रुपये उरतात. आता तो सदरा परत आला. पाठवणीचे 50 रुपये वाया गेले. परत आणण्यास 60 रुपये आणि पुन्हा बांधणीस 10 रुपये लागले. म्हणजे एकूण 120 रुपयांचे नुकसान झाले. ते भरून येण्यासाठी त्याला आणखी तीन सदरे विकावे लागतील, आणि त्यांतील एकही परत येता कामा नये! मोठा व्यापारी हा तोटा हजारो वस्तूंच्या किमतीत थोडाथोडा वाटून टाकतो. म्हणजे 'फुकट परती'चे पैसे अखेर सर्वच ग्राहकांच्या खिशातून जातात. छोट्या विक्रेत्याला मात्र हे साधत नाही. घरी शिवणकाम करून माल विकणाऱ्या एखाद्या बाईची महिन्याची मिळकत अशा दहा-वीस परतींत बुडू शकते.

पैशाखेरीज दुसरीही किंमत मोजावी लागते. गाड्यांचे इंधन दोनदा जळते. पुठ्ठा आणि प्लास्टिक दोनदा लागते. काही देशांत विक्रीवाचून पडून राहिलेला नवा माल सरळ नष्ट केला जाई, कारण तो सांभाळण्यापेक्षा नष्ट करणे स्वस्त पडे. ही नासाडी थांबवण्यासाठी फ्रान्सने 2020 साली कायदा केला आणि 2022 च्या आरंभापासून, खाद्यपदार्थ सोडून इतर न विकलेला नवा माल नष्ट करण्यावर बंदी घालण्यास सुरुवात केली.

ग्राहकाच्या वाट्यालाही त्रास येतो. माल नेणारा माणूस कोणत्या वेळी येईल याचा नेम नसतो. त्याची वाट पाहण्यात मजुरीचा दिवस बुडतो. तो येतो तेव्हा मूळ खोके टाकून दिलेले असते किंवा पावती सापडत नाही. काही ठिकाणी परतीचे शुल्क कापले जाते. काही विक्रेते पैशांऐवजी दुसरी वस्तूच देऊ करतात. पैसे परत मिळेपर्यंत कित्येक दिवस जातात. ज्याने हातावर पोट भरून 500 रुपये साठवले, त्याला ते दिवस फार मोठे वाटतात.

अशा वेळी ग्राहक निराधार नसतो. भारतात 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा 2019 च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो 2020 च्या जुलैपासून लागू झाला. त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापारासाठी स्वतंत्र नियमही आले. त्यांनुसार वस्तू सदोष वा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा ठरलेल्या मुदतीनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास वा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीमुळे झालेला उशीर मात्र त्यातून वगळला आहे. परतीच्या अटी ग्राहकाला स्पष्ट कळवणे बंधनकारक आहे. कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याने तक्रार 48 तासांच्या आत पोहोचल्याचे कळवावे आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असाही नियम आहे.

एवढ्याने न्याय मिळाला नाही, तर 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीकडे दाद मागता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडेच त्याला तक्रार करता येते. विक्रेत्याच्या शहरी खेटे घालण्याचे कारण नाही. वस्तूची किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीचे शुल्कही लागत नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत केली पाहिजे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. वस्तू सदोष असणे वेगळे आणि ती मनास न येणे वेगळे. युरोपीय संघात दूरून घेतलेल्या बहुतेक वस्तू 14 दिवसांच्या आत, कारण न सांगता परत करता येतात. परत पाठवण्याचा खर्च मात्र सामान्यतः ग्राहकाला सोसावा लागतो. भारतात केवळ मन बदलले म्हणून वस्तू परत करण्याचा असा सरसकट हक्क नाही. ती सवलत विक्रेत्याच्या अटींवर अवलंबून असते. म्हणून अटी आधी वाचणे हेच शहाणपणाचे.

परतीच्या वाटेवर ठकही दबा धरून बसलेले असतात. पैसे परत मिळेनात म्हणून गांजलेला ग्राहक कंपनीचा क्रमांक कोठेतरी शोधतो आणि भामट्याच्या जाळ्यात सापडतो. "आलेला अंक सांगा, पिन टाका, लगेच पैसे जमा होतील," असे तो गोड बोलून सांगतो. वास्तविक पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. कंपनीशी संपर्क तिच्या स्वतःच्या ॲपमधूनच साधावा आणि दूरध्वनीवर आलेला गुप्त अंक कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे.

पुष्कळ घरांत आजी-आजोबा किंवा आई-वडील मागणी नोंदवण्यासाठी दूरध्वनी मुलांच्याच हाती देतात. तेव्हा ही जबाबदारी मुलांचीही आहे. माप टेपने मोजून घ्यावे, वर्णन शेवटपर्यंत वाचावे, इतर ग्राहकांचे बरेवाईट अभिप्राय पाहावेत, परतीची मुदत लिहून ठेवावी. पार्सल उघडताना चित्रण करून ठेवावे आणि वस्तू पसंत ठरेपर्यंत खोके, चिठ्ठी व पावती जपावी.

सदोष वस्तू निमूटपणे ठेवून घेणे हा भिडस्तपणा झाला. तसे केल्याने लबाड विक्रेत्याचे फावते. चांगली वस्तू लहर म्हणून परत करणे हा मात्र बेपर्वाईचा प्रकार होय. त्याचा भार कोठारातील मजूर, उन्हातान्हात पायपीट करणारा माल नेणारा माणूस आणि घरी शिवणयंत्र चालवणारी बाई यांच्यावर पडतो. ग्राहक आणि विक्रेता यांची दृष्टादृष्ट आता होत नाही, तरी व्यवहारात दोघेही समोरासमोरच असतात. बाजारात दुकानदारापुढे उभे राहून जे वागणे शोभले नसते, ते पडद्याआडही शोभत नाही.