फायर एम्ब्लेम : आरंभ कोठून करावा?

बुद्धिबळातले प्यादे मारले गेले म्हणून कोणी हळहळत नाही. नवा डाव मांडला की ते पुन्हा आपल्या घरात उभे असते. पण त्या प्याद्याला नाव असते, गाव असते, शेजारच्या घोडेस्वाराशी त्याची जुनी मैत्री असती, आणि एकदा पडल्यावर ते पुन्हा कधीच पटावर आले नसते, तर खेळणाऱ्याचा हात इतक्या सहजपणे पुढे झाला असता काय?

जपानमधील इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेने २० एप्रिल १९९० रोजी निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी जो खेळ बाहेर काढला, त्याचे सारे मर्म या प्रश्नात आहे. शोझो कागा हे त्याचे रचनाकार. 'फायर एम्ब्लेम' या नावाने तेव्हापासून चालत आलेल्या मालेत आज डझनाहून अधिक मोठे खेळ जमा झाले आहेत. आणि म्हणूनच नवागत उंबरठ्यावर अडखळतो. आरंभ कोणत्या खेळापासून करावा?

पहिल्यापासून, हे उत्तर सुचणे स्वाभाविक आहे. परंतु ही माला म्हणजे एकच दीर्घ कादंबरी नव्हे. बहुधा दर दोन-तीन खेळांनी देश बदलतो, राजघराणी बदलतात, युद्धाची कारणे बदलतात. २००५ चा 'पाथ ऑफ रेडियन्स' आणि २००७ चा 'रेडियंट डॉन' यांच्यासारख्या काही जोड्या आहेत. तेथे मात्र क्रम मोडू नये. शिवाय पहिला खेळ हाती येणेही सोपे नाही. इंग्रजीत तो अधिकृतपणे अवतरला तो तीस वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, आणि मार्च २०२१ अखेर त्याची विक्री थांबलीदेखील!

जपानबाहेर या मालेतील पहिला खेळ गेला २००३ साली. क्रमाने तो सातवा. पण बाहेरच्या जगाला मागचे सहा ठाऊकच नसल्यामुळे निर्मात्यांनी त्यात शिकवणीची उत्तम सोय केली. लिन नावाच्या तरुणीच्या कथेतून खेळाडूला एकेक नियम हाताला धरून शिकविला जातो. तलवार कुऱ्हाडीवर भारी, कुऱ्हाड भाल्यावर, भाला तलवारीवर. उडत्या घोड्यावरील स्वाराने धनुर्धराच्या टप्प्यात जाऊ नये. जंगलात उभ्या असलेल्या शिपायाला वार चुकविणे सोपे जाते. ही शिकवणी थोडी लांबते खरी, पण जो तिच्यातून पार पडला त्याला मालेतील इतर बहुतेक खेळांची भाषा कळू लागते. ज्याला बुद्धिबळाची गोडी आहे, त्याने येथूनच सुरुवात करावी. जून २०२३ पासून हा जुना खेळ स्विच यंत्राच्या वरच्या दर्जाच्या वर्गणीदारांना उपलब्ध झाला आहे.

'अवेकनिंग' हा २०१२ चा खेळ अनेक जण सुचवितात. माला तेव्हा बंद पडण्याच्या बेतात होती. अडीच लाखांहून कमी प्रती खपल्या तर हाच शेवटचा खेळ, असे निर्मात्यांना बजावण्यात आले होते. तो दहा लाखांवर खपला. खेळ सुगम आहे, यात शंका नाही. मात्र त्याच्या यंत्राचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले असल्याने जुनी प्रत शोधण्याची तयारी हवी.

ज्याला डावपेचांपेक्षा माणसांची ओढ अधिक, त्याच्यासाठी २०१९ चा 'थ्री हाउसेस' योग्य होय. येथे खेळाडू सेनापती नंतर होतो, आधी शिक्षक होतो. मठातील विद्यालयात तीन राज्यांच्या विद्यार्थ्यांचे तीन गट असतात. त्यांतील एक गट त्याने निवडायचा. कोणाला भाला शिकवावा, कोणाला मंत्रविद्या, कोणाला चहाला बोलवावे, हे तो ठरवितो. मग कथा पाच वर्षे पुढे सरकते, युद्ध भडकते, आणि न निवडलेल्या गटांतील ओळखीची मुले समोरच्या फौजेत उभी दिसतात. त्या वेळी तलवार चालविणे जड जाते. २०२३ चा 'एंगेज' पटावरील लढाईत याहून सरस आहे; परंतु कथेच्या बाबतीत तो बराच उणा पडतो.

उरला प्रश्न मृत्यूचा. अलीकडच्या खेळांत आरंभीच दोन पर्याय मिळतात. 'कॅज्युअल' रीतीत पडलेला शिपाई पुढच्या लढाईला परत येतो. 'क्लासिक' रीतीत तो कायमचा जातो. पहिली रीत निवडण्यात कमीपणा मुळीच नाही. पण तीत प्यादे पुन्हा प्यादेच होऊन बसते. नवागताने काठिण्याची पातळी साधी ठेवून 'क्लासिक' निवडावे हे बरे. 'थ्री हाउसेस'मध्ये चुकलेली चाल मागे घेण्याची मुभा दर लढाईत ठराविक वेळा मिळतेच. २००३ च्या खेळात ही मुभा नाही आणि 'कॅज्युअल' रीतही नाही. तेथे एखादा सोबती गमावला, तर संपूर्ण लढाई पुन्हा पहिल्यापासून लढावी, की त्याच्यावाचून पुढे जावे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.