आपल्याच माणसांविषयी लिहिताना: विकिपीडियावरील हितसंघर्षाबाबतचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

विकिपीडिया हा कोणालाही लिहिता येणारा ज्ञानकोश असल्यामुळे आपली संस्था, आपले गुरू, आपले वडील किंवा आपण स्वतः यांच्याविषयी तेथे लेख असावा, आणि तो आपणच लिहावा, अशी इच्छा अनेकांच्या मनात उत्पन्न होते. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत आणि १ मे २००३ रोजी मराठीत सुरू झालेल्या या प्रकल्पात अशा लेखनाचा प्रश्न आरंभापासूनच उपस्थित झालेला आहे. लिहिणाऱ्याचा विषयाशी आर्थिक, कौटुंबिक, व्यावसायिक किंवा संघटनात्मक संबंध असतो आणि त्या संबंधामुळे त्याचे हित व ज्ञानकोशाचे हित वेगवेगळ्या दिशांना ओढले जाऊ शकते, तेव्हा त्या स्थितीला हितसंघर्ष असे म्हणतात. या संज्ञेविषयीचे गैरसमज हानिकारक आहेत, कारण त्यांच्यामुळे सद्हेतूने आलेली माणसे दुखावून निघून जातात आणि विषयाची सर्वांत जवळून माहिती असलेल्यांचे साहाय्य ज्ञानकोशाला मिळत नाही.

त्यांतील पहिला समज असा की, हितसंघर्ष दाखवून देणे म्हणजे अप्रामाणिकपणाचा आरोप करणे. वस्तुतः ही संज्ञा माणसाचा स्वभाव सांगत नाही, तर त्याचे विषयाशी असलेले नाते सांगते. नातेवाईक पक्षकार असलेल्या खटल्यातून न्यायाधीश बाजूला होतात, तेव्हा त्यांच्या सचोटीविषयी कोणी शंका घेत नाही. नात्याचा परिणाम लेखणीवर नकळत होतो आणि तो कोणावरही होऊ शकतो. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००५ साली स्वतःवरील लेखात बदल करून लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख काढला होता. ही गोष्ट त्याच वर्षाच्या अखेरीस उघड झाल्यावर आपण तसे करायला नको होते, असे त्यांनी मान्य केले.

पैसे घेतले नसतील तर हितसंघर्ष उद्भवत नाही, हा समजही याच कारणाने टिकत नाही. मोबदला घेऊन केलेले लेखन हा हितसंघर्षाचा सर्वांत तीव्र प्रकार आहे आणि त्यासाठी स्वतंत्र नियम आहे: विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने जून २०१४ मध्ये वापराच्या अटींत केलेल्या बदलानुसार असे लेखन करणाऱ्याने आपला नियोक्ता, आपला ग्राहक आणि विषयाशी असलेली आपली संलग्नता जाहीर करणे बंधनकारक आहे. परंतु कृतज्ञ शिष्य, माजी विद्यार्थी, पक्षाचा निष्ठावान कार्यकर्ता किंवा दिवंगत लेखकाची कन्या यांना एक पैही मिळत नसली, तरी त्यांच्या नात्याचा भार लेखावर पडतोच, किंबहुना प्रेमापोटी केलेले लेखन तटस्थ करणे हे पगारी लेखनापेक्षाही अवघड ठरू शकते.

सर्वाधिक रुजलेला आणि सर्वाधिक विचार करण्याजोगा गैरसमज मात्र वेगळाच आहे, तो म्हणजे लेखातील प्रत्येक विधान खरे असले की लेख आपोआप तटस्थ होतो. एखाद्या सहकारी साखर कारखान्याच्या कर्मचाऱ्याने त्या कारखान्यावर लेख लिहिला आहे, अशी कल्पना करावी. स्थापनेचे वर्ष, संस्थापकांची नावे, दैनंदिन गाळप क्षमता, सहवीजनिर्मिती प्रकल्प, मिळालेले पुरस्कार आणि कारखान्याने काढलेली महाविद्यालये हे सर्व त्यात अचूक आहे. पण त्याच काळात उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे ज्याला सर्वत्र एफआरपी म्हटले जाते ती रक्कम, थकल्याच्या बातम्या अनेक दैनिकांत आल्या होत्या आणि त्यांचा लेखात उल्लेखही नाही. या लेखात एकही असत्य नाही, तरीही तो वाचकाची दिशाभूल करतो, कारण तटस्थतेची कसोटी विधानांच्या खरेपणावर संपत नसून कोणती विधाने निवडली आणि कशाला किती जागा दिली, येथपर्यंत ती पोहोचते. विकिपीडियाचा तटस्थ दृष्टिकोनाचा नियम असे सांगतो की, विषयापासून स्वतंत्र असलेल्या विश्वसनीय संदर्भांत एखाद्या बाजूला जेवढे महत्त्व मिळालेले असते, त्या प्रमाणातच तिला लेखात स्थान मिळावे. संस्थेच्या स्मरणिका, वार्षिक अहवाल आणि स्वतःच प्रसृत केलेली वृत्ते ही अशी स्वतंत्र साधने नव्हेत. त्यांतून स्थापनेची तारीख घेता येते, थोरवी घेता येत नाही.

शब्दांची निवड हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. ‘अग्रगण्य’, ‘ख्यातनाम’, ‘अष्टपैलू’, ‘मोलाचे योगदान’ ही गौरवग्रंथांत शोभणारी भाषा मराठी लेखकांच्या हाताला इतकी सरावलेली आहे की ती स्तुती आहे, हे लिहिताना जाणवतही नाही. ज्ञानकोशात अशा विशेषणाच्या जागी ज्या गोष्टीमुळे ते सुचले ती गोष्ट लिहावी लागते, म्हणजे ‘ख्यातनाम नाटककार’ याऐवजी नाटकांची नावे, त्यांच्या पहिल्या प्रयोगांची वर्षे आणि त्यांवर समीक्षकांनी काय लिहिले ते. विशेषण काढल्याने आदर कमी होतो असे अनेकांना वाटते. वस्तुतः तपशिलावर उभा असलेला आदरच अनोळखी वाचकापर्यंत पोहोचतो.

तटस्थता म्हणजे स्तुती आणि टीका यांची निम्मी-निम्मी वाटणी, हा उलट्या बाजूचा गैरसमज होय. ज्या मताला संदर्भांत नगण्य आधार आहे, त्याला समान जागा देणे हाही पक्षपातच ठरतो, आणि म्हणूनच हितसंघर्ष असलेल्या लेखकाने समतोल दिसावा म्हणून ओढूनताणून एखादा ‘टीका’ विभाग जोडण्याचे कारण नाही.

‘स्वतःविषयी माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?’ हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्यापुढे २०१२ साली नेमका हाच प्रश्न उभा राहिला. ‘द ह्यूमन स्टेन’ या त्यांच्या कादंबरीचा नायक समीक्षक अनातोल ब्रोयार्ड यांच्यावर बेतला असल्याचे म्हटले जाते, असे विकिपीडियावर नोंदलेले होते. रॉथ यांच्या वतीने ती नोंद काढण्याची विनंती झाली, तेव्हा लेखकाचा स्वतःचा शब्द पुरेसा नाही, दुय्यम संदर्भ हवा, असे उत्तर त्यांना मिळाले. अखेर त्यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये अनावृत पत्र प्रसिद्ध करून मूळ प्रेरणा प्रिन्स्टनमधील प्राध्यापक मेल्विन ट्यूमिन यांच्या बाबतीत घडलेला प्रसंग ही होती, असे सांगितले. विकिपीडियाकडून मिळालेल्या उत्तराचा सूर रुक्ष होता हे खरे, पण त्यामागचे तत्त्व योग्य होते. लेखकाचा हेतू काय होता, याबाबत रॉथ यांचे निवेदन महत्त्वाचे आहे, आणि ते प्रसिद्ध झाल्यावर लेखात त्याला स्थानही मिळाले. तथापि काही परीक्षणकर्त्यांना ब्रोयार्ड यांची आठवण झाली होती, हीदेखील घडलेली गोष्ट आहे आणि लेखकाच्या इच्छेने ती पुसता येत नाही.

जाणकाराच्या शब्दाऐवजी प्रकाशित संदर्भ मागणारी ही अट मराठी वाचकाला विशेष खटकते, याला ज्ञानकोशांची आपली परंपरा कारणीभूत असावी. मराठी विश्वकोशातील नोंदीखाली तिच्या लेखकाचे नाव असते, आणि त्या विषयाच्या जाणकाराकडून ती लिहवून घेऊन संपादक मंडळाने तपासलेली असल्यामुळे वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो. विकिपीडियात लेखकाचा अधिकार जमेस धरलाच जात नाही. तेथे तज्ज्ञ, टोपणनावाने लिहिणारा विद्यार्थी आणि स्वतः चरित्रनायक हे सर्व एकाच पायरीवर उभे असतात, आणि विधानाला आधार मिळतो तो केवळ वाचकाला पडताळून पाहता येईल अशा प्रकाशित संदर्भाचा. तो संदर्भ महाजालावरच असला पाहिजे, हाही गैरसमजच आहे. जुन्या दैनिकाचा अंक किंवा ग्रंथालयातील पुस्तक दिनांक, पृष्ठ आणि प्रकाशक यांसह नोंदवले तरी ते तितकेच ग्राह्य ठरते.

वेगळे नाव घेऊन किंवा खाते न उघडता लिहिले की संबंध लपतो, अशी समजूत करून घेणाऱ्यांना अनुभव उलट आला आहे. प्रत्येक बदल वेळेसह लेखाच्या इतिहासात राहतो. २००७ साली व्हर्जिल ग्रिफिथ यांच्या ‘विकिस्कॅनर’ या साधनाने खाते न उघडता केलेले बदल कोणत्या संस्थेच्या संगणकजाळ्यातून झाले ते दाखवले, आणि डिबोल्ड या मतदानयंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या जाळ्यातून यंत्रांवरील टीकेचे परिच्छेद काढले गेल्याचे उघड झाले. २०१३ साली ‘विकी-पीआर’ या व्यावसायिक संस्थेशी जोडलेली अडीचशेहून अधिक खाती, तर २०१५ साली ‘ऑरेंजमूडी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकरणात ३८१ खाती बंद करण्यात आली. या दुसऱ्या प्रकरणात लेखांच्या संरक्षणाच्या नावाखाली लहान व्यावसायिकांकडून पैसे मागितले जात होते, हे लक्षात घेता पैसे देऊन लेख लिहवून घेणाऱ्यानेही सावध राहणे आवश्यक आहे. शिवाय लेखावर कोणाचीही मालकी नसते. एकदा तो तयार झाला की स्वतंत्र संदर्भांतील अप्रिय माहितीही त्यात येऊ शकते, आणि ती काढून टाकण्याचा विशेषाधिकार संबंधिताला मिळत नाही.

याचा अर्थ संबंधित व्यक्तीने गप्प बसावे असा नव्हे. इंग्रजी विकिपीडियाचे मार्गदर्शन अशा व्यक्तीला लेखात थेट बदल करण्यापासून परावृत्त करते, परंतु उघड खोडसाळपणा उलटवण्यास किंवा जिवंत व्यक्तीविषयीचा संदर्भहीन बदनामीकारक मजकूर काढण्यास ते आडकाठी करत नाही. इतर बदलांसाठी आपला संबंध सदस्य पानावर जाहीर करून लेखाच्या चर्चा पानावर विनंती ठेवणे हा मार्ग आहे, आणि ती विनंती जितकी नेमकी असेल, म्हणजे कोणते वाक्य बदलावे, त्या जागी कोणते यावे आणि त्याला कोणता स्वतंत्र संदर्भ आहे हे जितके स्पष्ट असेल, तितकी ती मान्य होण्याची शक्यता वाढते. मराठी विकिपीडियावर सक्रिय संपादक इंग्रजीच्या मानाने फार कमी असल्यामुळे विनंतीकडे लक्ष जाण्यास विलंब लागू शकतो. अशा वेळी स्वतःच बदल करून मोकळे होण्याऐवजी ‘चावडी’ या सामायिक चर्चेच्या पानावर ती मांडावी. याखेरीज संबंधितांच्या घरी अनेकदा जुनी कात्रणे आणि छायाचित्रे असतात, जी दुसऱ्या कोणाकडेच नसतात. कात्रणांवरील दैनिकाचे नाव आणि दिनांक चर्चा पानावर नोंदवले, तर पुढील संपादकाला मूळ अंक शोधता येतो. छायाचित्रे मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्स या मुक्त माध्यमसंग्रहावर देता येतात, मात्र छायाचित्र जवळ असणे म्हणजे त्याचा स्वामित्वहक्क असणे नव्हे, म्हणून तो हक्क कोणाकडे आहे याची खात्री करून त्याची लेखी संमती आधी मिळवावी लागते.